पाचवा पाय

भिंतींना कान असतात, हा शोध आपल्या पूर्वजांचा. भिंतींना तोंडही असावं, हा शोध शिक्षण खात्याचा. ‘बोलक्या भिंती’ ही कल्पना ज्यांना पहिल्यांदा सुचली, त्यांच्या वर्गातली मुलं फारच शांत असावीत. आमच्या शाळेत बत्तीस मुलं आहेत आणि ती सगळी एकाच वेळी बोलतात. त्यात भिंतीही बोलायला लागल्या, तर मास्तरांनी तोंड कधी उघडायचं, याचा खुलासा कुठल्याच परिपत्रकात नाही.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. दोनशिक्षकी म्हणजे एक मी आणि एक बाई, वर्ग चार. नोकरीत मी शिकवलं किती ते देव जाणे, पण मोजलं फार. जनगणनेत माणसं मोजली, यादीतले मतदार मोजले, गावातले संडास मोजले, खिचडीचा तांदूळ दर पोरामागे शंभर ग्रॅम असा मोजला. मोजण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. त्यामुळे आमच्या भिंतीवरच्या हत्तीला पाच पाय आहेत हे साऱ्या गावाला माझ्याआधी कळलं, तेव्हा मला जरा लागलं.

पण हत्तीच्या आधी भिंत.

शाळेची रस्त्याकडची भिंत चाळीस फूट लांब आणि आठ फूट उंच. तिने आजवर पुष्कळ सोसलं होतं. तिच्यावर ‘सुविचार’ असा मथळा होता, त्यातला ‘सु’ पावसाने गेला होता. एका खताची जाहिरात होती, दोन निवडणुकांतल्या चार निशाण्या होत्या आणि ‘येथे थुंकू नये’ अशी सूचना होती. गावात साक्षरता किती वाढली, ते त्या सूचनेखाली बघून कळायचं.

अशात ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान आलं. त्यात शाळांना गुण मिळणार होते. जन्मभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या माणसावर स्वतः गुण मिळवायची पाळी आली की त्याचं काय होतं, ते चौथीच्या पोरांनी त्या आठवड्यात पाहिलं. मी तालुक्याहून एक पेंटर बोलावला. त्याने मोबाइलवर नमुने दाखवले: पेन्सिलीवर बसून निघालेली दोन मुलं, हसरा सूर्य, दोन डोंगर, एक झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्याकडे नारळ फक्त दुकानात आणि देवळात दिसतो.

“नाहीतर रेल्वे करून देतो,” तो म्हणाला. “एकेका वर्गाला एकेक डबा. सध्या लई चालतंय.”

आमच्या गावाला एस.टी. दिवसातून दोनदा येते, त्यातली एकदा येत नाही. तिथे रेल्वे आली तर लोक आधी तिकिटाचं विचारतील. पण प्रश्न तोही नव्हता. पेंटरने आकडा सांगितला. शाळेच्या खात्यात त्या आकड्यातली फक्त शून्यं होती.

तेव्हा बाई म्हणाल्या, “मुलांनाच काढू द्या ना.”

“कशावर?”

“भिंतीवर.”

सव्वीस वर्षं मी ‘भिंतीवर कोण रे तो रेघोट्या मारतोय’ असं ओरडत आलो होतो. तोच मी दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभा राहून म्हणालो, “बाळांनो, सोमवारपासून भिंतीवर चित्रं काढायची.” एकही पोर हललं नाही. त्यांना तो सापळा वाटला. मागच्या वर्षी ज्याला मी कोळशाने संडासाच्या भिंतीवर माझं चित्र काढताना पकडलं होतं, तो तर दप्तर उचलून घरीच निघाला.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पाऊण हिस्सा पालक असतात. म्हणजे पंचाहत्तर टक्के लोक बोलतात आणि पंचवीस टक्के चहाची व्यवस्था बघतात. मी पंचवीस टक्क्यांतला. बाईंनी मात्र तयारी केली होती. त्यांची पहिली नेमणूक डहाणूकडची. त्यांनी वारली पाड्यांवरची गोष्ट सांगितली. लग्नघरात सुवासिनी जमतात, शेणामातीने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ब्रश म्हणजे काय, तर बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. त्याच भिंतीवरची कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

“आन् लगीन झाल्यावर त्या चित्राचं काय करत्यात?” सरपंचांनी विचारलं.

“काही नाही. पुढे कधीतरी भिंत सारवली की जातं.”

“मग खर्च कशात दाखिवत्यात?”

बाईंनी मुंबईचा दाखला दिला. तिथे २००९ साली महापालिकेनेच तुळशी पाईप रोडची भिंत लोकांना रंगवायला मोकळी केली होती. “ती मुंबई हाय,” सरपंच म्हणाले. “तिथं भिंत कुनाची हे म्हाइत नसतंय. हितं परत्येक विटंवर हक्क सांगनारा हाय.” यावर सभेत कुणाचं दुमत नव्हतं.

विषयावर दोन तास गेले. एकाने थोर पुरुष सुचवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाई शांतपणे म्हणाल्या, “काढणार पहिली-दुसरीची मुलं आहेत, हं.” सभेत क्षणभर सन्नाटा पसरला. पहिलीच्या हातून उतरणारा थोर पुरुष प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि गावात शांतता राहावी म्हणून ठराव एकमताने मागे घेण्यात आला. दुसऱ्याने ठिबक सिंचन सुचवलं. त्याचं ठिबकचं दुकान आहे. शेवटी कुणीतरी म्हणालं, पोरांनाच विचारा. पोरांची यादी तयारच होती: जेसीबी, बिबट्या, जत्रेतला पाळणा, पाण्याचा टँकर, म्हैस, खिचडी आणि हत्ती. या सगळ्यांना एकत्र आणणारं ठिकाण एकच, गावची जत्रा. हत्ती आमच्या जत्रेत कधीच आला नव्हता. म्हणूनच तो हवा होता.

लोकवर्गणी झपाट्याने जमली, कारण प्रत्येकाला भिंतीवर ‘सौजन्य’ हवं होतं. पांढऱ्या रंगाची वीस लिटरची बादली देणाऱ्याला नाव हवं, ब्रश देणाऱ्याला हवं, शिडी दोन दिवस वापरायला देणाऱ्यालाही हवं. मी हिशेब केला. चाळीस फुटांतले अठ्ठावीस फूट सौजन्यातच जात होते. बाईंनी पुन्हा एकदा इतिहासाचा आधार घेतला. अजिंठ्याला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, ती काढणाऱ्यांतल्या कुणाचं नाव आज लोकांच्या तोंडी नाही. आणि १८१९ साली शिकारीला गेलेल्या जॉन स्मिथ नावाच्या साहेबाला ती लेणी दिसली, तर त्याने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलं!

“बघा,” सरपंच कौतुकाने म्हणाले, “नाव कोरलं म्हनून ऱ्हायलं.”

दाखला अंगावर उलटला. मग मी मधला मार्ग काढला. नावाऐवजी प्रत्येकाने रंगात हात बुडवून पंजाचा ठसा द्यावा. यावर निम्मी सभा उठून उभी राहिली. पंजा ही एका पक्षाची निशाणी! मग मूठ? तीही कुणाची तरी असेल. शेवटी सर्वांना चालेल असा ठसा सापडला: अंगठा. अशा रीतीने विद्येच्या मंदिराच्या भिंतीवर गावातल्या एकूण एक देणगीदारांनी अंगठे उठवले. पुढे पोरांनी त्या अंगठ्यांना देठ आणि पानं काढून द्राक्षाचा घड केला. आज कुठला मणी कुणाचा, हे फक्त त्या त्या माणसाला माहीत आहे, आणि तो येता-जाता त्याच्याकडे बघतो.

आता कामाला तांत्रिक मार्गदर्शक हवा होता. गावचा पेंटर हा नंबरप्लेटा, टपऱ्या, ट्रॅक्टरमागचा ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि बेंदराला बैलांची शिंगं रंगवणारा माणूस. “शिंग हालतंय, भित हालत न्हाय. सोपं काम हाय,” एवढं बोलून तो रुजू झाला. त्याने आधी रंगाला हातच लावू दिला नाही. तारेच्या ब्रशने भिंत खरवडा, भोकांत पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर, मग रात्रभर थांबा, मग पांढऱ्याचे दोन हात. जुन्या निशाण्या खरवडायला पोरांनी जो उत्साह दाखवला, तो लोकशाहीच्या दृष्टीने चिंताजनक होता.

रंग किती लागेल, हे त्याने चौथीला विचारलं. लिटरमागे दोन हातांत पन्नास-साठ फूट निघतात म्हणाला. पोरांनी दोरी लावून भिंत मापली. चाळीस गुणिले आठ, तीनशेवीस, भागिले पन्नास-साठ, म्हणजे सहा लिटर, उरलेल्या पांढऱ्यात मिसळून बाकीचे रंग. क्षेत्रफळ हा धडा मी दरवर्षी शिकवतो. त्या वर्षी तो समजला.

मग चौकोन पाडायचे होते. कागदावरच्या एका इंचाचा भिंतीवर एक फूट. पेंटरने सुतळी निळीत बुडवली, एक टोक एका पोराकडे, दुसरं दुसऱ्याकडे, ताणून भिंतीला टेकवली आणि मधोमध चिमटीत धरून सोडली. ‘टप्’! भिंतीवर सरळसोट निळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना निळे बारीक थेंब, आणि तितकेच थेंब सुतळी सोडणाऱ्याच्या नाकावर. एवढ्या एका ‘टप्’साठी बत्तीस पोरांची रांग लागली. ज्यांनी मला सव्वीस वर्षांत एक सरळ रेघ काढून दाखवली नव्हती, त्यांनी अर्ध्या तासात पन्नास काढल्या. रांगेच्या शेवटी दोन पालकही होते. शेवटून तिसरा मी होतो.

रंग वाळला की कपड्यांवरून निघत नाही, म्हणून घरून जुने कपडे घालून यायला सांगितलं होतं. सोमवारी सगळी पोरं गुडघ्यापर्यंत लोंबणारे निवडणुकीचे टी-शर्ट घालून हजर. एकाच्या पाठीवर ‘भावी सरपंच’, दुसऱ्याच्या पाठीवर त्याला पाडणारा. बिबट्याच्या पोटाखाली दोघं एकाच डब्यात ब्रश बुडवत होते. गावात सर्वपक्षीय युती झाली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

रंगांच्या छोट्या बाटल्या उघडल्या. पेंटरने पिवळ्यात निळा ओतला आणि काडीने ढवळला. पहिलीतला एकजण डब्यात डोकं घालून बघत होता. बराच वेळ बघून त्याने मला विचारलं, “सर, हिरवा आतच व्हता का?” मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःचा रंग शोधून काढला. दोन रंग मिसळले की नवा रंग, तीन मिसळले की आणखी नवा, आणि सगळे मिसळले की शेणाचा. दिवसभरात शेणाचा रंग आमच्याकडे पाच वेळा तयार झाला. म्हशी पाच काढाव्या लागल्या.

सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवायला मायकेलअँजेलोला १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं लागली आणि पोप त्याला सारखे विचारायचे, कधी होणार? आम्हाला चार दिवस लागले आणि ग्रुपवर दर दोन तासांनी मेसेज यायचा, ‘फोटो?’ दरम्यान भिंतीपुढे गाव जमू लागलं. एस.टी. आली, ड्रायव्हर उतरला, पाळण्याचा एक पाट लाल करून पुन्हा चढला. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. प्रवाशांची तक्रार नव्हती, कारण तेही उतरले होते. नागपंचमीला घरोघर भिंतीवर नाग काढून देणाऱ्या एक आज्जी आल्या. त्यांना ब्रश दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, परत दिला, पिवळ्यात बोट बुडवलं आणि एका दमात नाग काढून घरी गेल्या. जत्रेत नाग कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आमच्या पेंटरने मात्र त्या रेघेकडे बघत तंबाखूचा बार न भरताच चिमूट परत पुडीत टाकली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंत पूर्ण झाली. मी तिच्याकडे कौतुकाने एक नजर टाकली आणि निर्धास्त झोपलो. हत्तीची आखणी मागच्या वर्षी माझं चित्र काढणाऱ्या त्या कोळसेवाल्याने केली होती, चांगली चार पायांची. आत करडा रंग भरायचं काम पहिलीकडे होतं. मी मोजलं नाही. तीच चूक झाली.

डेअरीवर दूध घालायला जाणाऱ्यांनी सकाळी सहालाच मोजलं. मी शाळेत पोचलो तेव्हा भिंतीपुढे वीसेक माणसं उभी होती.

“सोंड आसंल ती.”

“सोंड फुडं हाय की.”

“मग श्येपूट.”

“श्येपटीला नखं असत्यात व्हय रं?”

हा मुद्दा बिनतोड होता. पाचही पायांना नखं होती, प्रत्येकी चार, पांढऱ्या रंगाने, जीव लावून काढलेली. एका म्हाताऱ्याने आठवण काढली, की पाच पायांची गाय घेऊन माणसं दारोदार फिरतात, लोक तिच्या पाया पडतात. दुपारपर्यंत हत्तीच्या कपाळाला हळदीकुंकू लागलं होतं आणि खाली एक नारळ आणि अकरा रुपये होते. भिंतीवर नारळाचं झाड नको म्हटलं, तर नारळच आला.

त्यानंतरचे आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. भाऊबंदकीत दोन वर्षं बोलणं तुटलेले दोघं भिंतीपुढे उभे राहून हत्तीवरून भांडले, म्हणजे बोलले. आया पोरांना सोडायला येऊ लागल्या आणि पोरगं आत गेल्यावरही थांबू लागल्या, कारण प्रत्येक पोराने आपण रंगवलेला चौकोन दाखवला होता आणि तो शेजारणीला दाखवायचा होता. ‘येथे थुंकू नये’ ही सूचना आम्ही खरवडून टाकली होती, तरी कुणी थुंकलं नाही. दुसऱ्याच्या पोराच्या म्हशीवर थुंकलं की त्या पोराचा बाप विचारायला येतो. मला तेव्हा परिपत्रकाचा अर्थ लागला. इतकी वर्षं आम्ही भिंतीवर पाढे, नद्या आणि सुविचार लिहून तिला बोलकी करत होतो, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बोलकी भिंत म्हणजे जिच्यासमोर माणसं बोलतात ती. तिने स्वतः गप्प राहिलं तरी चालतं. मास्तरांनीही.

पाचवा पाय कुणाचा, म्हणजे कुणी काढला, याचा तपास लावायला वेळ लागला नाही. पहिलीतली, बाकावर बसली की पाय जमिनीला न टेकणारी एक मुलगी स्वतःच पुढे आली.

“तो चालतोय ना सर,” ती म्हणाली. “चालताना एक पाय वर असतोय. मग तीनच ऱ्हातात. पडंल की. म्हनून एक जादा दिलाय.”

अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी असिरियाच्या राजांनी आपल्या महालांच्या दारांशी माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले प्रचंड दगडी बैल उभे केले. त्यांतल्या पुष्कळांना पाच पाय आहेत: समोरून बघावं तर उभा, बाजूने बघावं तर चालणारा. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत, आणि लोक तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर फोटो काढतात. त्या शिल्पकारांना केंद्रप्रमुख नसावेत.

आम्हाला आहेत. ते आले. त्यांनी भिंत बघितली, खूश झाले, मग हत्तीपाशी थांबले. एकदा डोळ्यांनी मोजलं, एकदा पेनाने. आत येऊन शेरेबुकात लिहिलं: ‘भिंत बोलकी आहे. हत्तीच्या पायांबाबतच्या त्रुटीची पूर्तता करून आठ दिवसांत अहवाल सादर करावा.’

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन हत्तीपाशी गेलो. ती मुलगी घरी गेली नव्हती. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“सर, कुठला काढनार?”

“जादाचा.”

“जादा कुठला हाय?”

मी डावीकडून मोजलं. पाच. उजवीकडून मोजलं. पाच. सगळे सारखेच जाड, सगळे सारखेच करडे, सगळ्यांना चार-चार नखं. माणसं, मतदार आणि संडास मोजणाऱ्या मला त्यातला पाचवा कुठला, ते सांगता येईना. ब्रशवरचा रंग वाळला. वाळलेला ब्रश धुवायला दुसऱ्या दिवशी दीड तास गेला.

उपाय कोळसेवाल्याने सुचवला. बाईंनी तो शुद्ध भाषेत उतरवला आणि समितीने ठराव करून सह्या केल्या. अहवाल असा होता: ‘संदर्भीय शेऱ्यानुसार प्रत्यक्ष पाहणी केली असता, पाचवा पाय हा सदर हत्तीचा नसून त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या हत्तीचा आहे. जागेअभावी उर्वरित हत्ती दाखवता आलेला नाही. माहितीस्तव सादर. सोबत: फोटो.’

अहवाल स्वीकारला गेला. सरकारी कामात जागेअभावी न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात; साहेबांना ते पटलं असावं.

पण पोरांनीही तो अहवाल खरा मानला, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘सर, दुसरा हत्ती कवा भाइर येनार?’ असं पहिलीतली दोघं-तिघं विचारत राहिली. मी ‘येईल, येईल’ म्हणत राहिलो.

परवा प्रार्थनेनंतर वर्गात आलो. माझी खुर्ची थोडी पुढे सरकवलेली दिसली. रस्त्याकडच्या भिंतीची ती आतली बाजू. खुर्चीच्या मागे, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, कोळशाने काहीतरी काढलं होतं. वर मोठं गोल पोट, त्याला लावलेली सोंड, खाली पाय, आणि प्रत्येक पायाला चार नखं. बत्तीस पोरं श्वास धरून बसली होती. सव्वीस वर्षांच्या सवयीने ‘कोण रे तो’ हे माझ्या ओठांवर आलं होतं.

त्याआधी मी वाकून पाय मोजले. तीन होते. एक बाहेर रस्त्यावर होता. हिशेब बरोबर होता.